मोडीत किती येतील

चांदी स्टीलसारखी दिसतेय,
कॅटलॉग परत करताना विसपुते अण्णा एवढंच म्हणाले,
आणि पानावरच्या अत्तरदाणीखाली नखानं रेघ ओढली.
आठ वर्षं मी सराफ बाजारातली भांडी काढतेय.
म्हणजे फोटो. घासणारे वेगळे.

म्हणून कॅनडा कॉर्नरला, दुसरा मजला, वाजिदचं दुकान.
हातात वहीचं पान, खोडून खोडून मऊ पडलेलं:
नव्वद हजार, यूपीएस धरून.

वाजिद आधी काचेचा कॅबिनेट दाखवतो,
आत सात रंग गोल फिरतायत, मंडपातल्यासारखे.
मी म्हणते, मला अंधार हवाय.
ताई, अंधार स्वस्तच असतो,
म्हणत तो काळ्या पत्र्याचा खोका ओढून काढतो.

प्रोसेसर मधला. रॅम बत्तीस,
कारण आत्ताच्या आठावर
पैंजणांचा एक फोटो उघडेपर्यंत चहा होतो,
पिऊनही होतो.
ग्राफिक कार्डाशी मी हात आखडला
तेव्हा शेजारची दोन गेमवाली पोरं
मी देवळात चपला घालून आल्यासारखं बघायला लागली.
पॉवर सप्लायला मात्र नाही आखडला.
सिडकोतली वीज मधूनच डोळा मारते;
मागच्या वेळी तिनं मारला
आणि एका घरची सप्तपदी चौथ्या पावलावर थांबली,
ती कायमची.

राहिला मॉनिटर.
मी काउंटरवर तांबडं फडकं सोडलं, अत्तरदाणी उभी केली.
अत्तरदाणी एकटी बाहेर जात नाही,
म्हणून अण्णाही आले होते, मघापासून स्टुलावर बसून.
वाजिदनं न सांगता ट्यूबा मालवल्या,
खिडकीजवळची एक सोडून.

पहिल्या पडद्यावर ती डबा होती. पोहे भरावेत.
दुसऱ्यावर पिवळट, कालच्या दुधासारखी.
तिसऱ्यावर तिला रंगच नव्हता,
म्हणजे दुकानातला सगळा होता, तिचा स्वतःचा नव्हता.
हां, वाजिद म्हणाला.
मी किंमत विचारली. मग पान उघडून
स्पीकर खोडले, कीबोर्ड खोडला.
जुन्याचा एस अडकतो. चालेल.

अण्णांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं
आणि पडद्याला नाक टेकेल इतके पुढे गेले.
लाल, हिरवा, निळा. लाल, हिरवा, निळा.
यात चांदी कुठंय?
मागे सरका, काका.
सरकले.
अजून.
जिन्याच्या दाराशी जाऊन टेकले, तिथून म्हणाले,
आली.

मग भिंग धोतराला पुसत नेहमीचे प्रश्न:
मजुरी किती, घट किती,
आणि उद्या हे मोडीत घातलं तर किती येतील?
वाजिद हसला. जिना उतरेपर्यंत अर्धे.
अण्णांनी अत्तरदाणी फडक्यात बांधली,
जरा जास्तच घट्ट.

रात्री दहाला घरी सुरू केलं.
पंखा पारव्यासारखा घुमतोय, खालच्या आवाजात.
जुने फोटो उघडले, पहिल्या वर्षापासूनचे.
जिथं नुसतं काळं होतं
तिथं आता काळ्याला पायऱ्या आहेत,
आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर,
अत्तरदाणीच्या पोटात,
बोटाएवढी, वाकडी,
डोळ्याला कॅमेरा लावलेली एक बाई.

तांब्यातही आहे. निरांजनाच्या दांडीत ताणून लांब झालीय.
कुंकवाच्या करंड्यावर केस मोकळे,
एका ताटात तर पोट पुढे, रेवतीच्या वेळचं,
आठवा की नववा.
सगळ्या नाशकात वाटले गेले हे कॅटलॉग
आणि कुणीच काही बोललं नाही.

पुसायचा ब्रश घेतला, मऊ कडेचा,
करंड्यावर नेला,
तेवढ्यात वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला,
सात मिनिटं, सात मिनिटं.

होतं तसंच सेव्ह केलं.
एस दोनदा दाबावा लागला.